डोळा कीं प्राण ?

शस्त्रवैद्यास रोग्याकडून नेहमींच कांहीं तरी मागावें लागतें. कोणाचें बोट, कोणाचा पाय. आणि त्याच्या बदल्यांत तो उरलेलें आयुष्य देऊं करतो. परंतु जेव्हां तो डोळा मागतो, तेव्हां ही देवघेव फार अवघड होऊन बसते. डोळ्याबरोबर दृष्टि जाते, चेहरा बदलतो. आणि ज्याचा डोळा मागावयाचा तें पुष्कळदां दोन-तीन वर्षांचें मूल असतें. त्याच्या वतीनें होकार किंवा नकार आईबापांना द्यावा लागतो. नेत्रगोलांत किंवा त्याच्या खोबणींत उद्भवणाऱ्या मारक अर्बुदांवर जी शस्त्रक्रिया गेलीं सुमारें साडेचारशें वर्षें होत आली आहे, तिचा इतिहास या एकाच प्रश्नाभोंवतीं फिरतो : प्राण वाचविण्यासाठीं नेमकें किती द्यावें लागतें ?

हा प्रश्न समजण्यास डोळ्याच्या जागेची थोडी ओळख हवी. डोळा एका हाडांच्या गुहेंत बसविलेला आहे. ही खोबण आडव्या धरलेल्या नरसाळ्यासारखी असून तिचें निमुळतें टोंक मागें, मेंदूच्या दिशेस असतें. त्या टोंकाशीं असलेल्या छिद्रांतून दृष्टीचा मज्जातंतु मेंदूकडे जातो. अशा जागीं उद्भवलेलें अर्बुद दोन वाटांनीं मनुष्यास मारतें. एक तर तें या मज्जातंतूच्या आंतून सरकत मेंदूपर्यंत पोंचतें. नाहीं तर रक्ताबरोबर हाडांत, यकृतांत किंवा इतर इंद्रियांत जाऊन रुजतें. म्हणून येथें किती कापलें याला जेवढें महत्त्व आहे, त्याहून अधिक महत्त्व केव्हां कापलें याला आहे. ही गोष्ट शस्त्रवैद्यांच्या ध्यानीं येण्यास फार काळ लागला. आणि लोकांच्या ध्यानीं ती अजूनहि पुरती आलेली नाहीं.

इ. स. १५८३ मध्यें जर्मनींतील ड्रेस्डेन शहरीं गेऑर्ग बार्टिश यानें नेत्ररोगांवर एक मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. बार्टिश हा विद्यापीठांत शिकलेला पंडित नव्हता. त्या काळीं युरोपांत केस कापणारेच जखमा बांधीत व शस्त्रें चालवीत. अशा न्हावी-शस्त्रवैद्यांच्या हाताखालीं तो तयार झाला होता. विद्वान लोक लॅटिनमध्यें लिहीत असतां यानें आपला ग्रंथ जर्मन भाषेंत लिहिला. डोळ्यांचे रोग जादूटोण्यानें होऊं शकतात असाहि त्याचा विश्वास होता. तथापि खोबणींतून पुढें येऊन बाहेर लोंबूं लागलेला डोळा समूळ काढून टाकण्याची कृति त्यानें या ग्रंथांत सांगितली आहे, आणि त्यासाठीं लागणारें शस्त्रहि दाखविलें आहे. तें शस्त्र म्हणजे धारदार कडांचा एक चमचा. तो खोबणींत घालून आंत असेल तें सर्व एकदम कापून, खरवडून बाहेर काढावयाचें, अशी ती रीत होती. भूल देण्याचें खात्रीचें साधन त्या काळीं नव्हतें. रोग्यास घट्ट धरून ठेवावें लागे, आणि वेळ जितका कमी लागेल तितका शस्त्रवैद्याचा हात कुशल समजला जाई.

आजच्या वाचकास ही क्रिया अघोरी वाटेल. परंतु बार्टिशपुढें येणारा रोगी कोणत्या अवस्थेंत येत असे, हें लक्षांत घेतलें पाहिजे. जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आंत पाहण्याचें कोणतेंहि साधन तेव्हां नव्हतें. बाहुलीच्या मागें काय चाललें आहे, हें अर्बुद डोळा फोडून बाहेर येईपर्यंत कळत नसे. म्हणजे शस्त्र उचललें जाई तेंच मुळीं रोग आपलें काम जवळजवळ आटोपल्यावर. त्या चमच्यानें क्वचित् दुर्गंधि आणि वेदना कमी झाल्या असतील. प्राण वाचण्याची आशा थोडीच होती. पुढें १५९७ सालीं पीटर पाऊ या डच शरीरशास्त्रज्ञानें तीन वर्षांच्या एका मुलाच्या डाव्या डोळ्यांतील अर्बुदाचें वर्णन लिहून ठेवलें. मृत्यूनंतरच्या तपासणींत त्यास मेंदूसारखा मऊ पदार्थ, दाट रक्त आणि चुरलेल्या दगडासारखे कण आढळले. लहान मुलांच्या दृष्टिपटलावर होणाऱ्या कर्करोगांत चुन्याचे असे कण आजहि सांपडतात. म्हणून त्या रोगाचें हें पहिलें ज्ञात वर्णन मानलें जातें. पाऊची नोंद मृत्यूनंतरची होती. त्या काळीं हा रोग शवावरच नीट पाहतां येई.

जिवंत मुलाच्या बाबतींत कांहीं करतां येईल असें ठामपणें सांगणारा पुरुष यानंतर दोनशें वर्षांनीं निघाला. स्कॉटलंडमधील एडिंबरो येथील जेम्स वॉर्ड्रॉप यानें १८०९ मध्यें मऊ कर्करोगांवर एक पुस्तक प्रसिद्ध केलें. त्या वेळीं त्याचें वय तिशीच्याहि आंत होतें. शरीरांतील निरनिराळ्या मऊ, रक्ताळ अर्बुदांना तेव्हां एकच नांव दिलें जाई, आणि त्यांचा गोंधळ माजलेला होता. वॉर्ड्रॉपनें मुलांच्या डोळ्यांतील अर्बुदें या गर्दींतून वेगळीं काढलीं. काढलेले व मृतांचे डोळे त्यानें कापून, थर अन् थर पाहिले, आणि असा निष्कर्ष काढला कीं, हा रोग बहुतेक वेळां दृष्टिपटलापासून, म्हणजे डोळ्याच्या आंतील मागच्या बाजूच्या प्रकाश ग्रहण करणाऱ्या पातळ पडद्यापासून सुरू होतो. तेथून तो मज्जातंतूंत शिरतो आणि मेंदूकडे जातो, हेंहि त्यानें दाखविलें. ही सारी मीमांसा त्यानें पेशींच्या सूक्ष्मदर्शक तपासणीवांचून, मुख्यतः उघड्या डोळ्यांनीं केली होती. यावरून त्याचा सल्ला सरळ निघत होता : रोग डोळ्याच्या आंत आहे तोंवरच डोळा काढा; म्हणजे मूल वांचण्याचा संभव आहे.

या सल्ल्याला त्याच्या समव्यवसायी लोकांनीं फारसा मान दिला नाहीं, आणि त्यांच्या बाजूनेंहि कांहीं बोलण्यासारखें होतें. डोळे काढलेलीं मुलें त्यांनीं पाहिलीं होतीं, आणि तीं पुढें मेलीं हेंहि पाहिलें होतें. मग मरावयाच्या बालकास भूल न देतां ही यातना कां द्यावी, असा त्यांचा प्रश्न होता. उलट वॉर्ड्रॉपचें म्हणणें असें कीं, उपाय निष्फळ झाला तो उशिरा झाल्यामुळें. दोन्ही पक्ष एकाच अनुभवाकडे पाहत होते. पण उशीर टाळून पाहिल्याखेरीज निकाल लागणें शक्य नव्हतें. उशीर टाळण्यास तीन गोष्टींची गरज होती : कमी हानीची शस्त्रक्रिया, वेदना थांबविणारें औषध, आणि डोळ्याच्या आंत पाहणारें उपकरण. योगायोग असा कीं, या तिन्ही गोष्टी १८४१ ते १८५१ या दहा वर्षांत हातीं आल्या.

पहिली गोष्ट शरीररचनेच्या अभ्यासांतून आली. नेत्रगोलाभोंवतीं एक पातळ, चिवट पिशवी असते, हें फ्रान्समधील तेनों या शस्त्रवैद्यानें १८०६ मध्यें दाखविलें होतें. या माहितीचा उपयोग १८४१ च्या सुमारास दोघांनीं स्वतंत्रपणें केला : डब्लिन येथील ओफेरल व लियों येथील बॉने. डोळा हलविणारे स्नायु जेथें नेत्रगोलास चिकटलेले असतात तेथेंच ते कापावे, गोल त्या पिशवींतून अलग करावा, आणि शेवटीं मागचा मज्जातंतु कापून तो बाहेर घ्यावा, अशी ही रीत होती. बार्टिशच्या चमच्यानें सारी खोबण रिकामी होई. या रीतीनें केवळ रोगट गोल निघे. रक्तस्राव थोडा होई, पापण्या व स्नायु शिल्लक राहत, आणि पुढें कृत्रिम डोळा बसविण्यास जागा राही.

दुसरी गोष्ट म्हणजे भूल. १८४६ च्या १६ ऑक्टोबर रोजीं अमेरिकेंतील बोस्टन येथें ईथर देऊन शस्त्रक्रिया झाली, आणि पुढच्याच वर्षीं सिंप्सन यानें क्लोरोफॉर्मचा उपयोग सुरू केला, तोहि वॉर्ड्रॉपच्याच एडिंबरो नगरांत. तिसरी गोष्ट हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाची. त्यानें १८५० मध्यें नेत्रदर्शक यंत्र तयार केलें व १८५१ मध्यें त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. जिवंत माणसाच्या बाहुलींतून प्रकाश आंत सोडून दृष्टिपटल प्रत्यक्ष पाहण्याची सोय या लहानशा उपकरणानें केली. १८६७ मध्यें लिस्टर यानें जंतुनाशक शस्त्रक्रियेचा पुरस्कार केला, तेव्हां जखम पिकून मरण्याचें भयहि कमी होऊं लागलें. बर्लिन येथील प्रख्यात नेत्रवैद्य अल्ब्रेख्त फॉन ग्रेफ यानें आणखी एका गोष्टीवर भर दिला. डोळा काढतांना मज्जातंतु नेत्रगोलाच्या कडेशींच न कापतां, शक्य तितका लांब तुकडा बरोबर घ्यावा. कारण शत्रु त्याच वाटेनें जातो. कर्करोगासाठीं डोळा काढणारा शस्त्रवैद्य हा नियम आजहि पाळतो, आणि त्या तुकड्याचें कापलेलें टोंक सूक्ष्मदर्शकाखालीं रोगरहित दिसलें म्हणजे त्याचा जीव खालीं पडतो.

रोगाच्या नांवाबद्दल मात्र बराच काळ वाद चालला. १८६४ मध्यें फिर्खो यानें त्यास मेंदूच्या आधारपेशींच्या अर्बुदांत घातलें. पुढें १८९१ मध्यें फ्लेक्सनर व १८९७ मध्यें विंटरस्टाइनर यांनीं त्यांत गुलाबाच्या पाकळ्यांसारखी पेशींची रचना दाखविली. अखेर अमेरिकन नेत्रवैद्य व्हरहोफ यानें सुचविलेलें ‘रेटिनोब्लास्टोमा’ हें नांव १९२६ सालीं अमेरिकेंतील नेत्रवैद्यांच्या संस्थेनें स्वीकारलें. दृष्टिपटलाच्या अपक्व पेशींपासून झालेलें अर्बुद, असा त्याचा अर्थ. वॉर्ड्रॉपनें सुमारें सव्वाशें वर्षांपूर्वीं रोगाचें जें उगमस्थान सांगितलें होतें, तेंच या नांवानें कायम झालें.

मुलें वांचूं लागलीं, तेव्हां कोणाच्या ध्यानींमनीं नसलेली एक गोष्ट उघडकीस आली. ब्राझील देशांतील नेत्रवैद्य इलारिओ दे गोव्हेआ यानें १८७२ मध्यें एका मुलाचा असा रोगट डोळा काढला. तो मुलगा वांचला, मोठा झाला, त्यानें लग्न केलें. आणि त्याच्या मुलांपैकीं दोन मुलींना दोन्ही डोळ्यांत हाच रोग झाला. पूर्वीं असलीं मुलें बाळपणींच मरत, म्हणून हा रोग पुढील पिढीस जातो हें दिसण्यास संधीच नव्हती. शस्त्रक्रियेच्या यशामुळेंच ती दिसूं लागली. या धाग्याचा शेवट फार पुढें सांपडला. १९७१ मध्यें अमेरिकन वैद्य आल्फ्रेड नुडसन यानें ४८ रोग्यांच्या माहितीवरून असें अनुमान केलें कीं, एका पेशींत दोन आघात घडले म्हणजे हें अर्बुद उत्पन्न होतें. कांहीं मुलें त्यांपैकीं एक आघात जन्मतःच घेऊन येतात, म्हणून त्यांस रोग लवकर व दोन्ही डोळ्यांत होतो. १९८६ मध्यें त्या रोगाशीं संबंधित गुणसूत्रावरील जनुकहि हातीं लागला. पेशींची अनिर्बंध वाढ रोखणारा असा हा मनुष्याला सांपडलेला पहिला जनुक होय. सबंध कर्करोगशास्त्रास वळण देणारें हें ज्ञान लहान मुलांच्या काढलेल्या डोळ्यांतून आलें आहे.

येथवर नेत्रगोलाच्या आंतील अर्बुदांची हकीकत झाली. अर्बुद खोबणींत पसरलें, किंवा पापणी, अश्रुग्रंथि अथवा स्नायु यांत उद्भवून आंत शिरलें, तर केवळ गोल काढून भागत नाहीं. अशा वेळीं हाडांवरील आवरणासकट खोबणींतील सर्व कांहीं — गोल, स्नायु, चरबी, मज्जातंतु, आणि कधीं कधीं पापण्याहि — एकसंध काढावें लागतें. बार्टिशच्या क्रियेशीं तिचें नातें आहे. पण त्यानें जें आंधळेपणानें केलें तें आतां हाडाच्या कडेकडेनें, डोळसपणें केलें जातें, आणि उघड्या राहिलेल्या हाडावर मांडीची कातडी बसवितां येते. २०२१ सालीं करोनाच्या साथींत काळ्या बुरशीच्या रोगानें महाराष्ट्रांतील अनेक घरांना या शस्त्रक्रियेची कटु ओळख करून दिली. तो रोग कर्करोग नव्हे, पण मेंदूकडे जाणारी वाट तीच. एवढी मोठी हानि टाळण्यासाठीं शस्त्रवैद्यांनीं खोबणींत शिरण्याचे इतर मार्ग शोधले. झुरिच येथील क्रोनलाइन यानें १८८८ मध्यें कानशिलाकडील हाडाची भिंत तात्पुरती बाजूस सारून आंत जाण्याची रीत प्रसिद्ध केली. बाल्टिमोर येथील वॉल्टर डँडी यानें १९४१ च्या आपल्या ग्रंथांत कवटी उघडून खोबणीच्या छतांतून जाण्याचा मार्ग मांडला. या मार्गांनीं कांहीं अर्बुदें डोळा राखून काढतां येऊं लागलीं.

प्राण वाचल्यावर चेहऱ्याचा प्रश्न उरतो, आणि तो क्षुल्लक नाहीं. एकोणिसाव्या शतकांत जर्मनींतील लाउशा गांवचे कांचकारागीर कृत्रिम डोळे बनविण्यांत प्रसिद्धीस आले, आणि ते डोळे जगभर जाऊं लागले. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन कांच मिळेनाशी झाली, तेव्हां अमेरिकेंत ॲक्रिलिक प्लॅस्टिकचे डोळे तयार करण्यांत आले. ते फुटत नाहींत, म्हणून युद्धानंतरहि टिकले. गोल काढलेल्या जागीं आंत एक लहान गोळा बसवून त्यास स्नायु जोडले, तर वरचा कृत्रिम डोळा थोडाबहुत हलतोहि. सबंध खोबण रिकामी केलेल्या रोग्यासाठीं पापणी व भुंवईसह मुखवट्यासारखा भाग करून देतात. लहान मुलाच्या बाबतींत हा प्रश्न अधिक नाजूक असतो. कारण आंत कांहीं नसेल तर खोबणीचें हाड पुरतें वाढत नाहीं, आणि चेहरा एका बाजूस खुजा राहतो.

शस्त्रास पर्याय म्हणून किरणें आलीं तीं १८९५ मध्यें क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर अवघ्या आठ वर्षांत. १९०३ सालीं अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत हिलगार्टनर यानें रेटिनोब्लास्टोमावर क्ष-किरणांचा प्रयोग केला. पुढें कित्येक मुलांचे डोळे किरणांनीं राखले गेले. परंतु त्याचीहि किंमत काळानें वसूल केली. ज्या मुलांचा रोग जन्मजात दोषामुळें झाला होता, त्यांच्यांपैकीं कांहींना मोठेपणीं किरण लागलेल्या हाडांत व मांसांत दुसरा कर्करोग होऊं लागला. डोळा राखण्याच्या लोभानें आयुष्य धोक्यांत जाऊं शकतें, हा धडा त्यांतून मिळाला, आणि बाहेरून किरण देण्याची प्रथा पुढें पुष्कळ मागें पडली.

प्रौढांच्या डोळ्यांतील काळ्या पेशींच्या अर्बुदाची, म्हणजे मेलॅनोमाची, कथा याहून निराळी आहे. हा रोग अनेक वर्षांनींहि यकृतांत प्रकट होतो. म्हणून डोळा तात्काळ काढावा, असा नियमच पडून गेला होता. १९३० मध्यें लंडनच्या फॉस्टर मूर यानें अशा अर्बुदांत रेडॉनच्या बारीक नळ्या ठेवून पाहिल्या. तथापि हा धाडसी अपवादच राहिला. १९७८ मध्यें झिमरमन व त्याच्या सहकाऱ्यांनीं एक अस्वस्थ करणारी शंका काढली : डोळा काढतांना होणाऱ्या दाबानें रोगाच्या पेशी रक्तांत तर ढकलल्या जात नाहींत ना ? या वादाचा निकाल मतांनीं लागण्यासारखा नव्हता. अमेरिका व कॅनडा येथील ४३ केंद्रांनीं मिळून मध्यम आकाराच्या अर्बुदांचे १३१७ रोगी चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें दोन गटांत विभागले. एका गटाचा डोळा काढला. दुसऱ्याच्या डोळ्यावर किरणोत्सर्गी आयोडिनची चकती कांहीं दिवस शिवून ठेवली. २००१ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पांच वर्षांत पहिल्या गटांत शेंकडा १९ व दुसऱ्यांत शेंकडा १८ रोगी मृत्यु पावले होते. म्हणजे फरक असा नव्हताच. मध्यम अर्बुदांसाठीं डोळा काढल्यानें अधिक प्राण वाचत नव्हते, आणि काढल्यानें अधिक जातहि नव्हते.

मुलांच्या खोबणींतील स्नायुजन्य कर्करोगाच्या बाबतींत तर याहून मोठी उलथापालथ झाली. १९६० च्या सुमारापर्यंत त्यावर सबंध खोबण रिकामी करणें हाच प्रमुख उपाय होता, आणि तो करूनहि बहुसंख्य मुलें दगावत. पुढें औषधें व किरणें एकत्र देण्याची पद्धति स्थिर झाली, आणि केवळ खोबणीपुरता रोग असलेल्या मुलांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक वांचूं लागलीं, तींहि बहुधा डोळ्यासकट. रेटिनोब्लास्टोमामध्येंहि १९९० नंतरच्या दशकांत औषधांनीं अर्बुद आकसवून मग तें जागच्या जागीं जाळण्याची पद्धति रूढ झाली; २००६ पासून न्यूयॉर्क येथें डोळ्याच्या रक्तवाहिनींतच औषध सोडण्यास आरंभ झाला.

तरी शस्त्र निवृत्त झालेलें नाहीं. अर्बुदानें डोळा व्यापला असेल, दृष्टि परत येण्याची आशा नसेल, तेथें डोळा काढणें हाच आजहि सर्वांत खात्रीचा उपाय आहे. संपन्न देशांत या रोगाचीं शेंकडा ९५ हून अधिक मुलें वांचतात. साधारणपणें १५ ते २० हजार जन्मांमागें एका मुलास तो होतो, आणि लोकसंख्येमुळें भारताच्या वांट्यास असलीं मुलें फार येतात. मुंबईंत १९४१ मध्यें टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालें, पुढें इतरत्रहि केंद्रें निघालीं. औषधें, किरणें व कुशल हात येथेंहि आहेत. पण पुष्कळ मुलें डोळा पुढें आल्यावर, म्हणजे बार्टिशच्या रोग्यांच्या अवस्थेंत, तेथें पोंचतात. कधीं रोग ओळखला गेलेला नसतो. कधीं ओळखला जातो, पण डोळा काढावा लागेल असें ऐकतांच आईबाप मुलाला उचलून घरीं नेतात आणि महिन्यांनीं परत येतात. मुलीचें लग्न कसें होईल, हा विचार त्यांना छळतो. त्यांस निर्दय म्हणणें सोपें आहे. परंतु एका डोळ्यानेंहि मूल शिकतें, खेळतें व संसार करतें हें त्यांस कोणी दाखविलेलें नसतें.

पहिली खूण घरांतच दिसते. मंद उजेडांत मुलाच्या बाहुलींत मांजराच्या डोळ्यासारखी पांढुरकी चमक येते. झोताच्या प्रकाशांत काढलेल्या छायाचित्रांत एक बाहुली तांबडी व दुसरी पांढरी उमटते. किंवा एक डोळा तिरवा होतो. यांतील प्रत्येक खुणेचा अर्थ कर्करोग असा नव्हे. मोतीबिंदु किंवा साधा तिरळेपणाहि असूं शकतो. पण निर्णय नेत्रवैद्यानें बाहुली विस्फारून, आंत पाहून करावयाचा आहे, आणि तो त्याच आठवड्यांत करावयाचा आहे. वॉर्ड्रॉपजवळ नेत्रदर्शक नव्हता, भूल नव्हती, औषधें नव्हतीं; रोग आंत आहे तोंवर या, एवढेंच तो सांगूं शकत होता. पुढील दोन शतकांत बाकी सारें मिळालें. त्याची ती एक अट पुरी करणें मात्र अजूनहि घरच्या माणसांच्याच हातीं आहे.